तळ्यातला उरलेला दाणा

एका राज्यात पाहुण्याला उपाशी ठेवणे पाप मानीत, आणि पोट भरल्यावर सोडून देणे त्याहून मोठे पाप. पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढणारा हसे आणि आणखी वाढी.

तिथली राणी सुगंधा आग्रहात सर्वांच्या वरताण. एकदा शंखपाद नावाचा मांत्रिक तिच्या पंक्तीला आला; राजाही शेजारच्या पाटावर होता. पोटभर जेवला, ताटावर आडवा हात धरला, तीनदा 'पुरे' म्हणाला. राणीने हाताखालून जिलबी सरकवलीच. "माझी शपथ आहे, एवढी एक!"

मांत्रिक ताटावरून उठला. "राणी, तुला 'पुरे' ऐकू येत नाही. आता तुला ते बोलताही येणार नाही. तुझं न बोललेलं 'पुरे' राजाला कळेल, त्या दिवशीच पुन्हा माणूस होशील."

राणीचा मासा झाला. केशरी अंग, त्यावर पांढरे डाग, लांबी हातभर. राजा अरिमर्दनाने तिला बागेतल्या लहानशा तळ्यात सोडले.

राजाची माया फार. रोज सगळे पाणी उपसून नवे भरवी, दगड घासून लख्ख करवी. दरबारात येणारा प्रत्येक जण राणीसाठी मूठभर लाह्या नाहीतर लाडूचा चुरा आणी, कारण रिकाम्या हाताने जाणे म्हणजे राणीचा अपमान. राणी तोंड उघडी. लोक म्हणत, "भूक लागलीय हो बिचारीला!" उरलेले संध्याकाळपर्यंत तळाशी कुजे. होता होता राणी कडेला येऊन पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागली. राजा रडला, आणि त्याने दुप्पट खाऊ टाकला. मायेला डोळे असते तर आणखी काय हवे होते!

तेव्हा जांभळीच्या फांदीवरून एक खंड्या बोलला. "महाराज, तळं आजारी आहे, म्हणून राणीसाहेब आजारी आहेत. थोडे दिवस असंच चाललं तर त्या वाचणार नाहीत."

"तुला काय त्याचं?"

"इथली बेडकं मेली, मी उपाशी आहे. राणीसाहेब तर माझ्या चोचीत मावत नाहीत."

"उपाय सांग."

"कामं तीन. स्वतः करा. पहिलं, दगड घासू नका. तो हिरवा थर पाण्यातली घाण खातो. पाणी चार घागरी काढा, चार घागरी घाला. सगळं कधीच उपसू नका."

दगड हिरवे झाले. मानकऱ्यांनी नाके मुरडली. राजाने सोसले.

"दुसरं, टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या. पडता पडता ते वारा घेऊन येतं. राणीसाहेबांना तोच हवा आहे."

राजाने स्वतः चर खणला, पन्हळ बसवली. हाताला फोड आले, पण लढाया मारलेला गडी, त्याला खणणे आवडले. राणीची धाप कमी झाली.

"आणि तिसरं?"

"चिमूटभर खाऊ टाका. मग हात आवरा."

"एवढंच?" राजा हसला.

पण राणी कडेला येऊन तोंड उघडी आणि राजाचा हात आपोआप थाळीत जाई. पाणी पुन्हा गढुळले, राणी एका कुशीवर कलली. राजाला स्वतःची लाज वाटली.

एका सकाळी त्याने चिमूटभर दाणे टाकले. राणीने खाल्ले. एक दाणा तरंगत राहिला. ती त्याच्यापाशी आली, थांबली आणि वळून पन्हळीखाली गेली. एरवी राजाने तिला बोलवायला आणखी मूठभर टाकले असते. आज त्याला मांत्रिकाचा ताटावरचा आडवा हात आठवला. तोही असाच थांबला होता, आणि कुणी ऐकले नव्हते.

राजाने तो दाणा पाण्यातून उचलला आणि मूठ मिटली.

मागून मानकऱ्यांच्या थाळ्या पुढे आल्या. "महाराज, एवढा एक घास! राणीसाहेबांची शपथ!"

"पुरे," राजा म्हणाला. "त्या म्हणताहेत."

पाणी दुभंगले. राणी सुगंधा काठावर उभी राहिली, ओलीचिंब, कुडकुडत. तिला पाहताच राजा आनंदाने ओरडला, "पंगत मांडा! पक्वान्नं आणा!" तेवढ्यात त्याची जीभ अडखळली. त्याने शाल तिच्या खांद्यावर घातली आणि त्या राज्यात आजवर कुणी कुणाला विचारले नव्हते ते विचारले.

"भूक आहे का?"

राणीच्या डोळ्यांना धार लागली. "आहे," ती म्हणाली. "थोडीशीच."

तळे आजही हिरवे आहे, बेडके परत आली आहेत, खंड्याचे बरे चालले आहे. तुम्ही म्हणाल, आणखी थोडी सांगा. पण पुरे.