विचारणीचा खांब

सुंभवाडीच्या खाडीत, काठापासून वीसेक पावलांवर, जांभ्या दगडाचा एक खांब उभा आहे. ओहोटीला तो पुरुषभराहून थोडा उंच दिसतो, भरतीला नुसतं डोकं वर राहतं. गावच्या होड्या कुठेही बांधतात, पण या खांबाला कोणी दोर लावत नाही. पौषातल्या तिसऱ्या शुक्रवारी आलेल्या पाहुण्यांनी कारण विचारलं, की गावातले म्हातारे गंगाराम तांडेल आधी मनगटावरचा जांभळा दोरा दाखवतात आणि मग सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा घरोघरी काथ्या वळत. धाकूसारखा सुंभ कोणाला जमत नसे, आणि त्याच्या बायकोसारखी, आवडीसारखी, करारी बाई गावात नव्हती. घर, माड, माणसं सगळं तिच्या तंत्रानं चालायचं. तिन्हीसांजेनंतर दार लागलं की ती धाकूपुढे हात करायची आणि तो ते दोरानं बांधायचा. मागणी तिची होती. दिवसभर सगळं आपण धरून ठेवायचं, तर घटकाभर कोणीतरी आपल्याला धरावं, यात तिला सुख होतं. गाठ मात्र सुरगाठ, आणि टोक तिच्या मुठीत. ओढलं की सुटली. ती ‘पुरे’ म्हणाली की धाकूचे हात तिथेच थांबायचे. बारा वर्षांत तो शब्द तिला कधी दोनदा म्हणावा लागला नव्हता.

एके सकाळी विहिरीवर पाणी ओढताना तिच्या बांगड्या मागे सरल्या. मनगटावर वळ होता, पिकल्या जांभळाच्या रंगाचा. बायकांनी पाहिला, आणि दुपारपर्यंत गोष्ट बाबल गावकराच्या कानी गेली. बाबल गावचा मुख्य पंच. माणूस वाईट नव्हता, बरं का. बाईवर जुलूम होतोय असंच त्याला वाटलं. पंचांनी शेजाऱ्यांना विचारलं, सुईणीला विचारलं. धाकूला विचारलं, “बांधलंस?” तो “होय” म्हणाला. पुढचं सांगायचा हक्क आवडीचा, म्हणून गप्प राहिला. आवडीला मात्र कोणी बोलावलंच नाही. मार खाणारी बाई नवऱ्याचीच बाजू घेणार, असं परस्पर ठरवून तिला शेजारच्या घरात कडी घालून ठेवली. तिच्याच भल्यासाठी, म्हणे.

धाकूला खांबाला बांधायचं आणि भरतीचं पाणी कमरेला लागलं की सोडायचं, अशी शिक्षा ठरली. दिवस पौषातल्या तिसऱ्या शुक्रवारचा. गाठ मारली ती निरगाठ. ओला सुंभ फुगतो आणि गाठ आवळते, हे त्या गावात पोरंही जाणत. पण रागाच्या भरात कोणाला आठवलं नाही. पाणी कमरेला आलं, गाठ सुटेना. छातीला आलं. धाकू “पुरे, पुरे” म्हणून ओरडत होता. एक जण कोयता आणायला धावला. तो परतला तेव्हा आवडीही दार मोडून काठावर पोचली होती, आणि खांबाशी नुसतं पाणी हलत होतं.

ती रडली नाही. दोन्ही मनगटं पंचांपुढे धरून म्हणाली, “तुमी साऱ्या गावाक इचारलात. माका कोणी इचारूक नाय.”

पुढच्या पौषात, त्याच शुक्रवारी, भर उन्हात खांबातून आवाज आला, “पुरे.” असं सांगतात, की त्या क्षणी गावातली गाठन्‌ गाठ आवळली. होड्यांचे दोर, गुरांची दावी, पाळण्याच्या दोऱ्या. बाबल गावकराच्या लंगोटीची गाठसुद्धा, हे सांगताना तांडेल जराही हसत नाहीत. पाणी उतरेपर्यंत आवाज थांबला नाही. गावच्या राखणदार देवाला कोंबडा दिला, गाऱ्हाणं घातलं, उपयोग शून्य. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा बाबल; पण चौथ्या वर्षी आवाज सुरू होताच तो आवडीच्या दारात जाऊन उभा राहिला.

तिनं जांभळाच्या रसात रंगवलेला एक दोरा आणला. “बांधू?” तिनं विचारलं. ती दोरा धरून तशीच उभी राहिली, पाऊलभरही पुढे आली नाही. शेवटी तो “बांध” म्हणाला, तेव्हा तिनं सुरगाठ मारली आणि टोक त्याच्या मुठीत दिलं. त्या टोकाकडे बघत बाबलनं चार वर्षं उशिरा विचारलं, “आवडे, ता तुझ्या मनान होता काय गो?”

“होय,” ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली. खाडीवरचा आवाज थांबला.

आजही त्या शुक्रवारी सुंभवाडीत लहानथोर एकमेकांना “बांधू?” विचारतात. कोणी नको म्हटलं तर दोरा मुकाट्यानं कनवटीला जातो, रुसवाफुगवा नाही. दोघांच्या राजीखुशीनं दारामागे जे चालतं, त्याची पंचाईत गाव करत नाही. राजीखुशी नसल्याचा संशय आला तर दार ठोठावतं, पण विचारतं आधी जिचं दुखणं तिलाच.

आणि भरतीच्या आधी गावातलं सर्वांत वयस्क माणूस पाण्यातून खांबापाशी जातं. आता तो मान तांडेलांचा. ते खांबासमोर दोरा धरून विचारतात, “धाकू, बांधू?” पाणी कमरेला लागेपर्यंत उत्तराची वाट बघतात. उत्तर येत नाही. मग तांडेल दोरा न बांधता परत आणतात, आजही.