धुंडिराज वैद्यांची हार

एका राज्यात राजापेक्षा राजाचं ताट मोठं होतं. राजा तुंगसेन जेवायला बसला की उठायचं नाव घेत नसे. एकदा तर पाहुण्या मांत्रिकासाठी वाढलेलं पानही त्यानं बोलता बोलता फस्त केलं. मांत्रिक उपाशीपोटी उठला आणि शाप देऊन गेला: "राजा, तुझ्या जठरामागचं स्वादुपिंड निखाऱ्यासारखं फुलेल. मायावनातली हळद, गुळवेल नि दारुहळद पोटात गेल्याखेरीज ते निवायचं नाही."

झालं! राजाच्या पोटात कळ उठली ती पाठीत आरपार. पोटावर पापड ठेवला तर भाजून निघे, आणि राजा तोही खाई.

खरी धडकी भरली ती राजवैद्य धुंडिराजांना. राजा गेला तर राजवैद्यानंही सोबत चितेवर चढायचं, अशी तिथली रीत. वर स्वर्गात राजाची नाडी कोण बघणार? धुंडिराजांना तर जगण्याची भारी हौस. त्यांनी पडशी खांद्याला लावली आणि मायावन गाठलं.

हळदीवर राक्षसाचा पहारा होता. वैद्यांनी त्याची दुखरी दाढ उपटली आणि हळद मिळवली. रस पोटात जाताच राजाची कळ उतरली. पण त्या राज्यात आणखी एक रीत होती. कोणी जिंकून आलं, की विजयाचं ताट मांडायचं आणि पहिला घास राजानं घ्यायचा. कोणी हरून आलं, की त्याची गाढवावरून धिंड काढायची आणि वाड्यातल्या चुली थंड ठेवायच्या. आता राजाचा पहिला घास म्हणजे पुरणपोळ्यांची अख्खी चळत. संध्याकाळी स्वारी पुन्हा गडबडा लोळू लागली.

गुळवेल नागाच्या विहिरीत होती. नागाची अडकलेली कात वैद्यांनी न फाडता सोडवली आणि वेल आणली. राजाला उतार पडला, ताट मांडलं, बासुंदी झाली, राजा काळानिळा पडला. पुरोहितानं चंदन मागवलं आणि जाता जाता वैद्यांच्या उंचीचं मापही घेतलं.

दारुहळदीच्या झुडपावर एक साळुंकी बसली होती. तिची अट एकच, आजवर काय घडलं ते खरं सांगायचं. वैद्यांनी हळदीपासून बासुंदीपर्यंत सगळं सांगितलं.

साळुंकी म्हणाली, "वैद्यबुवा, तुम्ही आग विझवताय की फोडणी देताय?"

मुळ्या उगाळण्याच्या नादात आपण ताटाकडे पाहिलंच नाही, याची वैद्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

वेशीवर नगारे सज्ज होते. पालखीत पडल्या पडल्या राजानं विचारलं, "काय आणलंत?"

"काही नाही, महाराज. हरलो."

मग काय, गाढव आलं, तोंडाला चुना लागला, पोरांनी हुर्यो केली. वैद्यांचे डोळे भरून आले, पण दारुहळदीचं मूळ कमरेला घट्ट बांधलेलं होतं. वाड्यातल्या चुली विझल्या. भुकेला राजा मिळेल ते पाणी पिई, आणि वैद्य त्याच पाण्यात दारुहळदीचा काढा मिसळून देत. काही दिवसांत निखारा निवला, शाप उतरला आणि राजा आपल्या पायांनी दरबारात आला. कमरपट्टा तेवढा धरावा लागत होता.

"धुंडिराज," राजा म्हणाला, "तिसरं मूळ तुम्ही आणलंत, हे आम्ही ओळखलं. नुसतं हो म्हणा. आत्ता विजयाचं ताट मांडतो."

दाराशी आचारी धोतर खोचून तयारच होते. वैद्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, राजाच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही, महाराज. मी हरलोच."

गाढव पुन्हा आलं. या खेपेला वैद्यबुवा आपणहून वर चढून बसले.