अर्जुनाच्या खोडावरची सूचना

फार मागे, पाखरं आणि जनावरं एकमेकांशी बोलत होती तेव्हा, नदीकाठच्या रानात सूचना कोरायचं काम सुतारपक्ष्याकडे होतं. अक्षर असं देखणं, की मोरसुद्धा थांबून बघायचा. 'पूर येतोय, टेकडीवर चला' ही सूचना त्याने दिवसभर खपून अर्जुनाच्या खोडावर कोरली. काना-मात्रांना पानंफुलंही काढली. एवढं सुबक काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

रान टेकडीवर गेलं. पाणी चढलं, ओसरलं. सुतारपक्षी परतला, तर अर्जुनाच्या मुळाशी चिखलाने माखलेली चिचुंद्री बसली होती. चार पिल्लांपैकी दोनच तिच्या कुशीत होती.

तो तिच्यावरच उखडला. "अगं, एवढी मोठी सूचना डोक्यावर होती! वाचली नाहीस?"

"मला दिसत नाही, सुतारदादा," ती म्हणाली. "तुझी टकटक मात्र दिवसभर ऐकत होते. पिल्लांना म्हटलंसुद्धा, दादा इथेच आहे, धोका असता तर त्याने सांगितलं असतं."

खोडावरची पानंफुलं अजून तशीच सुबक होती. साऱ्या रानाला ऐकू जाणारी ती चोच सुतारपक्ष्याने पंखात खुपसली, आणि मग त्याला मान वर करवेना.