गांडुळांचा रिकामा डबा

चमरू कोवे सागाच्या रोपवनाचा चौकीदार. नऊ वर्षं चौकीवर एकटाच, म्हणून तो झाडांशीच बोलायचा. त्यातही सागाच्या एका पट्ट्यात त्याने स्वतः मधूनमधून लावलेल्या शिरीष-करंजांशी जास्त.

वनखात्याचे मोठे साहेब महिन्यातून एकदा तपासणीला येत. खरं तर जवळच्या तलावात गळ टाकायला. या खेपेला त्यांनी जीपमधूनच फर्मावलं, "ही आगंतुक झाडं सागाच्या तोंडचा घास पळवतात. उद्याच तोड! साग एकटाच बरा. आणि हो, गळासाठी गांडुळं आण."

चमरू कुदळ घेऊन गेला आणि दोन तासांनी रिकामा डबा घेऊन परतला.

साहेब भडकले. "दर वेळी डबा भरून आणतोस, आजच काय झालं?"

"दर वेळी शिरिषाखाली खणतो, साहेब. तिथं पाला कुजून माती लोण्यावानी झाली हाये. आज तुमचा हुकूम ऐकून निस्त्या सागाच्या पट्ट्यात बारा खड्डे केले. माती दगडावानी. गांडूळ एक नाई."

"असं कसं?"

"जिथं एकट्या सागाचंच राज्य, तिथं गांडूळबी राहत नाई, साहेब. अशा जागी राहतो तो फक्त मी, अन् तोबी तुमच्या हुकमानं."

साहेबांनी गळ गुंडाळला. "राहू देत झाडं," एवढंच म्हणाले.

जीप गेली. चमरूने ही बातमी धावत जाऊन शिरिषाला सांगितली. सांगायला दुसरं होतं कोण?