कर्ता नसलेले वाक्य

ऑस्ट्रेलियातील एका लहान गावात एकदा एक तरुण एका वृद्ध इतिहास-शिक्षकाच्या हाताखाली अध्यापन शिकण्यासाठी आला. दीडशे वर्षांपूर्वी त्या गावाजवळ, नदीकाठी, गोऱ्या वसाहतवाल्यांनी आदिवासींची एक वस्ती संपवली होती. शाळेत ते आजवर कुणी शिकवले नव्हते. तरुणाने मोठ्या उमेदीने त्यावर पाठ लिहिला आणि तपासण्यासाठी गुरुजींकडे दिला.

तीन दिवस झाले, पाठ परत येईना. विचारले की गुरुजी म्हणत, "थांब जरा." तरुणाच्या मनात पाल चुकचुकली. गावातल्या पुलाला आणि मुख्य रस्त्याला गुरुजींच्याच घराण्याचे नाव होते. त्यात, वर्गातल्या एका आदिवासी मुलीच्या आजीच्या घरातून गुरुजी बाहेर पडताना त्याला दिसले. हातात तोच पाठ. म्हातारीचे तोंड बंद करायला गेले असणार, अशी त्याची खात्रीच पटली.

चौथ्या दिवशी तो न विचारता त्यांच्या खोलीत शिरला. गुरुजी तांबड्या शाईने पाठातली एक ओळ खोडत होते.

"घराण्याची लाज झाकता आहात ना, गुरुजी?"

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला. "मोठ्याने वाच. खोडलेलेच वाच."

तरुणाने वाचले, "चकमकीत तीस आदिवासी मारले गेले."

"चकमकीला दोन्हीकडे शस्त्रे लागतात. ही माणसे झोपेत होती. बायका होत्या, तान्ही मुले होती. आणि मारले गेले म्हणजे कुणी मारले? तुझ्या वाक्यात मेलेले आहेत, बंदूकवाला कुठेच नाही. मुलांना वाटेल, साथ आली आणि माणसे गेली. आता खालची ओळ वाच."

खाली गुरुजींच्या अक्षरात होते : माझ्या पणजोबांनी आणि त्यांच्या सात सोबत्यांनी झोपलेल्या तीस माणसांना गोळ्या घातल्या.

"आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "बोलत कुणी नाही. एवढे वाक्य वर्गात मी म्हणेन."

"आणि ती आजी?" तरुणाने हळूच विचारले.

"तिची नात त्याच वर्गात बसणार. गेलेली माणसे तिची. तिला विचारल्यावाचून कसे शिकवायचे? ती म्हणाली, नुसता आकडा सांगू नका, नावे सांगा. आठवली तेवढी तिने सांगितली."

कागदाच्या पाठीमागे अकरा नावे लिहिलेली होती.

तीन दिवस तरुणाने गुरुजींवर संशय घेतला होता. स्वतःच्या वाक्यांवर एकदाही नाही. त्याने पाठाचे दुसरे पान पुढे ओढले आणि गुरुजींकडून तांबडे पेन मागून घेतले.