आकाशातून न दिसलेली पाणंद

एका गावात भास्करराव हिवाळे नावाचे गृहस्थ राहत होते. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे तारा जोडून ते निवृत्त झाले आणि गावी परतले. तरुणपणी त्यांना वैमानिक व्हायचे होते. डोळे अधू निघाले म्हणून ते राहून गेले.

गावी आल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत विमान उभे केले. विमान म्हणजे एक दणकट संगणक, टेबलाला आवळून बसवलेले सुकाणू, पायाने दाबायच्या दोन पट्ट्या आणि डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट. हेडसेट चढवला की खोली नाहीशी होई. मान वळवली की पंख दिसे, वाकून पाहिले की खाली नदी दिसे. फक्त स्वतःचे हात दिसत नसत. त्यामुळे कोणते बटण कुठे आहे, हे भास्कररावांनी चाचपून चाचपून पाठ केले होते.

हळूहळू गाव बघायला येऊ लागले. भास्कररावांनी कोणाला नाही म्हटले नाही. विमान उतरताना कोणी पाय वर घेई, तर ढगात शिरताना कोणी तोंड गच्च मिटे. सरपंचांना मळमळले, ते अर्ध्या वाटेतून उठून ओसरीवर जाऊन बसले. लोक भास्कररावांना पायलट म्हणू लागले. ते नाव त्यांना आवडले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्या यंत्रात मोठी शहरे खऱ्या छायाचित्रांवरून हुबेहूब उभी केलेली होती. लहान गावांचे काम संगणक अंदाजाने भागवी. जमीन जुन्या, पुसट चित्रावरून घेई. घरे आणि झाडे आपल्या मनाने लावी. भास्कररावांचे स्वतःचे पत्र्याचे घर त्यात दुमजली आणि लाल कौलांचे होते. मारुतीच्या देवळाच्या जागी नुसती झाडी होती. हे सांगितले तर बघणाऱ्यांची मजा जाईल, असे त्यांना वाटे. म्हणून लोकांना ते मोठ्या शहरांवरूनच फिरवून आणीत.

त्या वर्षी कौसाबाई नरवडे आणि अंबादास गाढे यांच्यात तंटा उभा राहिला. कौसाबाई एकट्या होत्या आणि आपले शेत स्वतः कसत. त्यांच्या शेतात जाणारी पाणंद, म्हणजे बैलगाडीची वाट, अंबादासच्या शेताच्या कडेने होती. अंबादासने उन्हाळ्यात ती नांगरली आणि पावसाळा लागताच तिच्यावर ज्वारी पेरली. इथे पाणंद कधी नव्हतीच, असे तो म्हणू लागला. ती शेते टेकाडापलीकडे, शिवेच्या टोकाला होती. तिकडे तिसऱ्या कोणाचे जाणेयेणे नव्हते. गावच्या शिवाराचा जुना नकाशा नेमका त्या कोपऱ्यात फाटलेला होता.

तंटामुक्ती समिती बसली. तुळशीराम अण्णा अध्यक्ष होते. उद्या सगळ्यांनी चालत जाऊन जागा पाहावी, असे ते म्हणाले.

"तीन मैल चिखल तुडवायचा कशाला?" अंबादास म्हणाला. "पायलटच्या यंत्रात वरून सगळं दिसतं. त्यात वाट निघाली तर मी आजच सोडतो."

हे सगळ्यांना सोयीचे वाटले.

दहाबारा माणसे भास्कररावांच्या खोलीत जमली. कौसाबाई दारातच उभ्या राहिल्या. भास्कररावांनी हेडसेट चढवला आणि विमान गावावरून उंच आणि वेगाने नेले. त्यांना जे दिसत होते ते टेबलावरच्या पडद्यावर सर्वांना दिसत होते. टेकाड ओलांडल्यावर त्यांनी विमान कलते केले आणि खाली पाहिले. अंबादासचा पट्टा सलग हिरवा होता. कडेला एकसारख्या उंचीची झाडे होती. वाट नव्हती.

"काय म्हणता पायलट, वाट आहे का?" अण्णांनी विचारले. "तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू."

भास्कररावांना यंत्रातले आपले दुमजली घर आठवले. या यंत्राला आपल्या गावातले काही ठाऊक नाही, एवढेच वाक्य बोलायचे होते. ते जिभेवर आलेही. पण खोलीभर माणसे श्वास रोखून त्यांच्या शब्दाची वाट पाहत होती. असे त्यांच्या आयुष्यात कधी झाले नव्हते.

"दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसत नाही म्हणजे?" दारातून कौसाबाईंनी विचारले.

अण्णांनी वाट नसल्याचा निकाल लिहिला.

त्या दिवसापासून कौसाबाई नाल्यातून जाऊ लागल्या. तो फेरा लांबचा होता आणि तिथून बैलगाडी जात नसे. सोयाबीन काढायला आले तेव्हा त्यांनी एकेक भारा डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. सहाव्या खेपेला शेवाळावर पाय सरकला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले.

भास्कररावांनी ही बातमी किराणा दुकानात ऐकली. त्यांना कोणी दोष दिला नाही. ते काही न घेताच घरी आले.

चार दिवसांनी कौसाबाई त्यांच्याकडे आल्या. हात गळ्यात बांधलेला होता.

"भाऊ, मी भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी जिथनं चालले, तिथं वाट नव्हती म्हणतात. ती जागा मला एकदा दाखवा."

भास्कररावांनी त्यांना खुर्चीत बसवले, त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला आणि विमान टेकाडापलीकडे नेले. कौसाबाईंनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"माझी विहीर कुठं आहे?"

भास्कररावांनी विमान आणखी खाली आणले.

"बांधावरची चिंच?"

"नाही त्यात."

"गावाकडं न्या बरं." विमान वळले. कौसाबाईंनी बराच वेळ खाली पाहिले. "देऊळ पण नाही इथं. मग माझ्याच वाटेचं काय एवढं?" असे म्हणून त्यांनी एका हाताने हेडसेट काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे भास्कररावांना त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करराव तुळशीराम अण्णांकडे गेले आणि समिती बोलवा म्हणाले. माणसे जमल्यावर त्यांनी विमान गावावर फिरवत ठेवले आणि एकेकाला हेडसेट देऊन आपापले घर शोधायला सांगितले. एकाच्या घराच्या जागी तळे निघाले. शाळा सापडेना. लोक हसू लागले. मग एकेक करून त्यांचे हसणे थांबले.

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?" अण्णांनी विचारले.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मोठेपणा सुटला नाही," भास्करराव म्हणाले. "दिसत नाही म्हणालो, ते खोटं नव्हतं. पण तुम्ही मला, काय दिसतं एवढंच विचारलं नव्हतं. वाट आहे का, असं विचारलं होतं."

अंबादास काही बोलू लागला. अण्णांनी त्याला थांबवले, पायांत चपला घातल्या आणि चालू लागले. बाकीचे मागून निघाले. टेकाड चढून गेल्यावर जागा शोधावी लागली नाही. अंबादासची ज्वारी डोक्याएवढी वाढली होती. फक्त कडेचा एक गाडीभर रुंदीचा पट्टा गुडघ्याएवढा राहिला होता. पिढ्यानपिढ्या चाकांनी दाबलेल्या त्या जमिनीत नांगर वरवर फिरला होता, मुळे खाली गेली नव्हती. अण्णांनी टाच मारून पाहिली. खडकासारखा आवाज आला.

अंबादासने मान खाली घातली. आठ दिवसांत त्याने तो पट्टा कापून पाणंद मोकळी केली. कौसाबाईंचे उरलेले सोयाबीन गाडीने घरी आले. गाडी भास्करराव हाकत होते. त्यांना बैलांची सवय नव्हती आणि कौसाबाई पुढे चालत त्यांना वळणे सांगत होत्या.

कौसाबाईंचे हाड थोडे वाकडे जुळले. त्या हाताने त्यांना पुढे कधी भरली घागर उचलता आली नाही.

तात्पर्य: लोक आपल्या शब्दावर निवाडा सोपवतात तेव्हा दिसले तेवढे सांगून सुटका होत नाही; आपल्याला काय ठाऊक नाही, तेही त्याच वेळी सांगावे लागते. नंतर सांगितलेल्या खऱ्याने वाट मोकळी होते, पण झालेली इजा भरून येत नाही.