शिडीची सातवी पायरी

डोंगरउतारावर एक गाव होतं. घरं गवताने शाकारलेली, त्यामुळे आगीचा धाक बारमाही. म्हणून चावडीच्या भिंतीला पंधरा पायऱ्यांची लाकडी शिडी टांगलेली असे. तिची निगा सुताराची सून सगुणा राखी.

दर सोमवारी ती एकेक पायरी ठोकून आवाज ऐके, जवसाचं तेल चोळी, घरी जाई आणि शंका येऊन पुन्हा ठोकायला येई. लोक म्हणत, "सगुणाबाई, शिडीचं तेल-न्हाणं झालं, आता दृष्टही काढा!" तीही हसे. आपण जरा जास्तच भितो, हे तिला ठाऊक होतं.

यंदा जत्रेसाठी पाटलांनी शिडीला लालभडक रंग फासला.

"रंगाखालची चीर दिसायची नाही, पाटील," सगुणा कशीबशी म्हणाली.

"तुला सणासुदीलाही चिराच दिसतात!"

जत्रेच्या सकाळी तिने शिडी ठोकली. सहा पायऱ्या टणटण बोलल्या. सातवी बद्द वाजली! तिने काचेने रंग खरवडला. खाली बोटभर चीर. पाटील चिडणार, हे नक्की. तरी तिने ती पायरी काढून बाभळीची नवी कोरी बसवली.

पाटील कडाडले, "लाल शिडीला हा पांढरा दात? संध्याकाळपर्यंत रंग लाव, नाहीतर शिडीला हात लावायचा नाही!"

"बरं," ती म्हणाली. रंगाचा डबा समोरच होता. तिला काही तो सापडेना.

दुपारी जत्रेच्या चुलाणातली ठिणगी उडाली ती थेट पाटलांच्या छपरावर. गवत भडकलं! जिना पेटला! माळ्यावर नात झोपलेली.

"शिडी आणा!"

शिडी लागली. पाटील स्वतःच चढले, चांगले अडीच मणांचे. खाली सगुणा शिडी धरून मोजत होती. पाच... सहा... नीट ठोकली होती ना मी? सातवीवर पाय पडला. शिडी करकरली. सगुणाने डोळे मिटले.

पायरी टिकली. पाटील नातीला खांद्यावर टाकून उतरले, तेव्हा सगुणालाच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी पाटील चावडीपुढे काच घेऊन बसले होते. लाल रंग खरवडत.

"पाटील, हात दुखतील."

"दुखू देत. सातवी तुझी झाली, चौदा माझ्या. तू फक्त ठोकून बघ. दोनदा बघ."

तात्पर्य: ज्या वस्तूवर कुणाचा जीव तोलायचा असतो, ती सजवण्याआधी तपासावी, आणि तपासणाऱ्याला भित्रा म्हणून हसू नये.